ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं? तीन कार्डं आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतला हिशेब

पस्तीस ते साठ हजारांत ग्राफिक्स कार्ड बघत असाल तर तीनच कार्डांवर वेळ घालवावा: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी आणि आरटीएक्स ५०७०. तिन्ही २०२५ मधली आहेत. ५०७० मार्चमध्ये आलं, ५०६० टीआय एप्रिलमध्ये आणि ९०६० एक्सटी जूनमध्ये. यांतलं कुठलं घ्यायचं हे ठरवणं फारसं अवघड नाही. लोक अडतात ते कधी घ्यायचं यावर, आणि तिथे बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: दोन-तीन महिने थांब, भाव उतरतील. मागच्या पिढ्यांत हा सल्ला बऱ्याचदा खरा ठरला. या खेपेला तो डोळे झाकून पाळला तर नुकसान होऊ शकतं आणि त्याचं कारण कार्डावरच्या मेमरीत आहे.

जगातली जवळजवळ सगळी ग्राफिक्स मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरची मागणी इतकी वाढली, की या कंपन्यांनी आपली क्षमता सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली. साध्या रॅमचे भाव भडकले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कार्डावरची जीडीडीआर मेमरीही याच कंपन्यांकडून येते, त्यामुळे तिच्यावर ताण येणार हे उघड आहे.

आता कार्ड उघडल्यावर काय दिसतं ते पाहू. या कार्डांवर २ जीबीच्या चिप्स बसवलेल्या असतात. ८ जीबीच्या कार्डावर ४, ५०७० वर (ते १२ जीबीचं आहे) ६ आणि १६ जीबीच्या कार्डावर ८. म्हणजे एका १६ जीबी कार्डाच्या चिप्समध्ये ८ जीबीची दोन कार्डं तयार होतात. चिप महाग आणि दुर्मीळ झाली की कंपनी कशाकडे झुकेल हे सांगायला नको. घेण्यासारखं १६ जीबीचं कार्ड आधी महागतं, मग स्टॉकमधून जातं. ८ जीबीचं मात्र दुकानात पडून असतं आणि त्याच्यावरच ऑफर लागते. सेलमध्ये दिसणारा आकर्षक भाव बऱ्याचदा या ८ जीबीच्या कार्डाचा असतो, हे खोक्यावरचा आकडा वाचूनच लक्षात येतं. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही नावं ८ आणि १६ अशा दोन्ही रूपांत विकली जातात. दुकानदाराला नुसतं "५०६० टीआय केवढ्याला?" असं विचारू नका. "१६ जीबी" हे शब्द तोंडातून गेलेच पाहिजेत.

योग्य भाव म्हणजे किती

यासाठी एक सोपा ताळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने भारतासाठी सुरुवातीच्या किमती दिल्या: ५०७० ला ५९,००० रुपये, ५०७० टीआयला ८०,०००, ५०८० ला १,०७,००० आणि ५०९० ला २,१४,०००. अमेरिकेत हीच कार्डं अनुक्रमे ५४९, ७४९, ९९९ आणि १,९९९ डॉलरला. भागाकार करून पाहा, चारही ठिकाणी डॉलरमागे साधारण १०७ रुपये येतात. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की १०१-१०२ होतात आणि वरचे पाचेक टक्के आयात आणि वितरणात जातात. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० च्या पुढे गेला. ९० धरून तोच हिशेब केला तर १०७ चे ११२ होतात.

आता बाकीच्या दोघांना हे लावू. ९०६० एक्सटी १६ जीबी ३४९ डॉलरला जाहीर झालं, म्हणजे ३७,३०० ते ३९,१०० रुपये. ५०६० टीआय १६ जीबी ४२९ डॉलरला, म्हणजे ४५,९०० ते ४८,०००. ५०७० चे ५९,००० ते ६१,५००. ही झाली रास्त भावाची रेघ. तुमच्या हातातलं कोटेशन या रेघेच्या वर १० टक्क्यांपर्यंत असेल आणि कार्डाची खरी गरज असेल, तर घेऊन मोकळं व्हावं. १० ते २० टक्क्यांत घासाघीस करावी, दुसरा ब्रँड बघावा. २० टक्क्यांच्या वर गेलं तर त्या कार्डाचा नाद सोडून शेजारच्या कार्डाकडे बघावं. ५०६० टीआय १६ जीबी ५३-५४ हजारांना मिळत असेल आणि ५०७० साठला, तर ५०६० टीआय घेण्यात काही अर्थ उरत नाही.

जीएसटीबद्दल एक गोंधळ अजून ऐकू येतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ग्राफिक्स कार्डावर आधीपासूनच १८ होता आणि तोच राहिला. "जीएसटी उतरल्यामुळे कार्डं स्वस्त" असं कोणी सांगत असेल तर ते कार्डाला लागू नाही.

नवीन पिढीसाठी थांबायचं तर किती

एनव्हिडियाची चाल बघा. २० सिरीज सप्टेंबर २०१८, ३० सिरीज सप्टेंबर २०२०, ४० सिरीज ऑक्टोबर २०२२, ५० सिरीज जानेवारी २०२५. दोन वर्षं, आणि शेवटच्या खेपेला त्याहून थोडी जास्त. त्यातही आधी येतात ती लाखाच्या घरातली कार्डं. मध्यम बजेटवाल्यांचं ६० चं कार्ड पुढे कित्येक महिन्यांनी उगवतं: ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४०६० जून २०२३ मध्ये, ५०६० मे २०२५ मध्ये. म्हणजे आज "पुढच्या पिढीचं घेतो" म्हणणारा माणूस खरं तर २०२७ च्या मध्याबद्दल बोलतो आहे, तेही चाल बिघडली नाही तर. ४० सिरीजच्या सुपर, म्हणजे त्याच पिढीतल्या सुधारित, आवृत्त्या जानेवारी २०२४ मध्ये आल्या होत्या, म्हणून ५० सिरीजच्या सुपरची वाट बरेच जण बघत होते. जानेवारी २०२६ च्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात एनव्हिडियाने एकही नवं डेस्कटॉप कार्ड जाहीर केलं नाही. सुपरकडून अपेक्षा काय होती, तर जास्त मेमरी. आणि तुटवडा आहे तो मेमरीचाच.

दसरा-दिवाळीचं म्हणाल तर तेव्हा मोबाईल आणि टीव्हीवर खरी सूट असते. कार्डांवर फार तर बँकेच्या कार्डाची ठरावीक रकमेची सवलत मिळते. तारीख महिनाभरावर असेल तर जरूर थांबा. त्यासाठी जूनपासून ताटकळू नका.

थांबणं ज्यांच्या फायद्याचं आहे असे लोक आहेतच. ज्यांचं सध्याचं कार्ड ३०६० टीआय, ६७०० एक्सटी किंवा त्याहून वरचं आहे आणि मॉनिटर १०८० पीचा आहे, त्यांना ५०६० टीआय घेऊन हाताला फार काही लागणार नाही. ज्यांचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुना झाला आहे, त्यांनी आधी तिकडे बघावं. ज्यांचं बजेट २० हजारांत अडकलं आहे, त्यांनी नवं ८ जीबीचं कार्ड घेण्यापेक्षा चार महिने पैसे साठवावेत. उलट जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०७० वाल्यांनी वाट बघू नये. ऑक्टोबर २०२५ नंतर या पास्कल पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. जीटीएक्स १६ सिरीजवाल्यांना अशी घाई नाही.

आधी हे तपासा: अडतंय ते कार्डच आहे का?

ही चाचणी फुकट आहे, अर्ध्या तासात होते आणि अनेकांचे चाळीस हजार वाचवते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, गेमवरच आकडे दाखवणारं त्याचं ओव्हरले सुरू करा आणि त्यात जीपीयू (कार्डावरचा ग्राफिक्स प्रोसेसर) वापर, जीपीयू मेमरी, प्रत्येक कोरचा वापर आणि फ्रेम टाइम या गोष्टी दाखवायला लावा. व्हीसिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. आता तुमचा नेहमीचा गेम, नेहमीच्या जागी, वीस मिनिटं खेळा. जीपीयू वापर ९५ ते ९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर कार्ड खरंच अपुरं पडतंय. तो ६०-७० वर खेळत असेल आणि एक-दोन कोर पूर्ण भरलेले असतील, तर प्रोसेसर मागे पडतोय. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० पीवरून ७२० पीवर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत, तर नव्या कार्डानेही वाढणार नाहीत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम खेळणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच निघतं. त्यांना कार्डापेक्षा प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर जास्त उपयोगी.

मेमरी कमी पडतेय का हे आफ्टरबर्नरच्या आकड्यावरून कळत नाही, कारण गेम गरजेपेक्षा जास्त मेमरी अडवून ठेवतात. त्यासाठी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे जीपीयू, आणि खाली 'शेअर्ड जीपीयू मेमरी'चा आलेख. गेम चालू असताना तो एक जीबीच्या वर चढू लागला आणि त्याच वेळी चित्र अडखळू लागलं, तर कार्डाची मेमरी भरून उरलेला डेटा साध्या रॅममध्ये चाललाय. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी डेटा हलवते. पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा मार्ग) ३.० च्या ८ लेनमधून रॅमकडे जाणारी वाट जेमतेम ८ जीबीची. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण दर थोड्या वेळाने झटका बसतो, नाहीतर भिंतींचे टेक्स्चर मेणासारखे गुळगुळीत दिसतात. ८ जीबीचं कार्ड आज नव्याने घेऊ नये, असं ठामपणे सांगण्याचं कारण हेच.

तिघांपैकी कुठलं

नुसते गेम खेळायचे असतील तर ९०६० एक्सटी १६ जीबी हे पैशाला जागणारं कार्ड आहे. साध्या रास्टर (रे ट्रेसिंग न वापरणाऱ्या) गेममध्ये ते ५०६० टीआयच्या पाच-सात टक्के मागे असतं आणि किमतीत ८-९ हजार कमी. मेमरी जुन्या जीडीडीआर ६ ची, सेकंदाला ३२० जीबी, तरी १०८० पीला आणि १४४० पीला निभावते. त्याचा एक गुण जुन्या पीसीवाल्यांनी लक्षात ठेवावा: ते पीसीआयईच्या १६ लेन वापरतं, ५०६० टीआय फक्त ८. तुमचा बोर्ड एएमडीच्या बी४५० चिपसेटचा किंवा इंटेलच्या १० व्या पिढीपर्यंतचा असेल, तर तिथे पीसीआयई ३.० च आहे. अशा बोर्डवर १६ लेनचं कार्ड बसवणं शहाणपणाचं. वीज १६० वॅट, बहुतेक मॉडेलना एकच ८ पिनची वायर. चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असेल तर तो बदलावाही लागत नाही. एएमडीच्या एफएसआर ४ चं अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं, आधीच्या एफएसआरपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. फक्त ते असलेले गेम एनव्हिडियाच्या डीएलएसएसपेक्षा कमी आहेत.

कामासाठी कार्ड हवं असेल तर निवड उलटी होते. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करतात, तिथे कूडा (कार्डावर आकडेमोड करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिक्स (OptiX) वर रेंडर करायचं असेल तर एनव्हिडियाच लागतं. इथे ५०६० टीआय १६ जीबी घ्या, गेममध्ये वेगवान असलं तरी ५०७० नको. कारण १२ जीबीत न मावणारा सीन किंवा मॉडेल एक तर चालतच नाही किंवा रांगत चालतं. चार बिटपर्यंत आवळलेलं २४ अब्ज पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल साधारण १४ जीबी घेतं. १६ मध्ये ते कसंबसं बसतं, १२ मध्ये नाही.

लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. हल्लीचे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं रूप) मध्ये रेकॉर्ड करतात आणि टाइमलाइन अडखळते ती त्यामुळे. ५० सिरीजमध्ये एच२६४ आणि एचईव्हीसी दोन्हींच्या ४:२:२ चं हार्डवेअर डीकोडिंग आहे, ४० सिरीजमध्ये नव्हतं आणि एएमडीच्या ९००० सिरीजमध्येही नाही. पण तुमच्याकडे इंटेलचा ११ व्या पिढीपासूनचा प्रोसेसर असेल आणि त्याच्या नावापुढे एफ नसेल, तर त्यातल्या अंगभूत ग्राफिक्सला एचईव्हीसी ४:२:२ आधीपासूनच जमतं. बायॉसमध्ये ते सुरू करा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डीकोडिंगसाठी निवडा. टाइमलाइन सुरळीत झाली तर नवं कार्ड लांबणीवर टाकता येईल.

५०७० हे १४४० पी आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर असलेल्यांचं कार्ड. ५०६० टीआयपेक्षा साधारण एक तृतीयांश वेगवान, किंमतही जवळपास त्याच प्रमाणात जास्त. १२ जीबी ही त्याची दुखरी बाजू आणि चार वर्षं कार्ड वापरायचं असेल तर ती जाणवेल. त्याच भावात एएमडीचं ९०७० (अमेरिकेत तेही ५४९ डॉलरलाच जाहीर झालं, पण मेमरी १६ जीबी) पुण्यात मिळालं, तर फक्त गेमसाठी ते अधिक चांगलं. मल्टी फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः बनवून घातल्याच्या, आकड्यांना भुलू नका. मुळात ६० फ्रेम मिळत असतील तर त्यांच्या १८० झालेल्या बऱ्या दिसतात. मुळात २५ असतील तर आकडा वाढतो, पण माउसचा जडपणा तसाच राहतो.

इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी, २४९ डॉलर) कमी बजेटमध्ये चांगलं आहे, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायॉसमधली सोय) लागतंच आणि जुन्या प्रोसेसरवर ते खूपच मागे पडतं. रायझन ५ ३६०० वर ते लावू नका.

कार्डाभोवतीचा खर्च

बजेट ठरवताना लोक कार्डाचाच भाव धरतात. ५०७० ला एनव्हिडिया ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते, ५०६० टीआयला ६००. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, स्टिकरवर ५०० लिहिलेला एसएमपीएस यात धरू नये. ५०७० च्या बहुतेक मॉडेलवर १६ पिनचा १२व्ही-२x६ कनेक्टर असतो, सोबत दोन ८ पिनचं अडॅप्टर येतं. त्या दोन्हीसाठी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीची दोन तोंडं लावू नका. कनेक्टर कट् असा आवाज येईपर्यंत दाबा, बाजूने बघून फट उरलेली नाही ना ते पाहा आणि वायर कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटिमीटरपर्यंत सरळ ठेवा. हे कनेक्टर वितळल्याच्या घटना ४०९० आणि ५०९० सारख्या भरपूर वॅट ओढणाऱ्या कार्डांत जास्त झाल्या. ५०७० फक्त २५० वॅट घेतं. तरी अर्धवट बसलेला कनेक्टर कुठल्याच कार्डाला चालत नाही.

कॅबिनेटची लांबी मोजताना मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्याच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. पुढे रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करा. दोन पंख्यांची कार्डं २३० ते २५० मिलिमीटर असतात, तीन पंख्यांची ३०० ते ३३०. घरात यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो बहुधा ३६० वॅटच देतो. ५०७० चे २५०, प्रोसेसरचे १००, बाकी बोर्ड, डिस्क, मॉनिटर मिळून ८०. खेळ रंगात आला असताना वीज गेली तर यूपीएस त्याच क्षणी बंद पडतो. महावितरणचा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा गुरुवार आणि पावसाळ्यातली ये-जा पाहता १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस हिशेबात धरावा.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात बंद खोली ३४-३५ अंशांवर असते. खोली जितकी तापते तितकंच कार्डही वर सरकतं किंवा पंखे ओरडतात. बाणेर, वाकड, खराडीकडे शेजारी बांधकाम चालू असेल तर पुढच्या जाळीवर बारीक फिल्टर लावा आणि महिन्यातून एकदा झटका. तीन पंख्यांच्या महागड्या मॉडेलसाठी चार हजार जास्त मोजण्यापेक्षा कॅबिनेटला पुढून दोन चांगले पंखे लावल्याने जास्त फरक पडतो.

तपकीर गल्ली की ऑनलाइन

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली कार्डासाठी अजूनही पुण्यातली पहिली जागा आहे. गाडी नेऊ नका. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरा आणि चालत जा. गणपतीच्या दिवसांत त्या भागात खरेदीचा बेतच करू नये. जाण्याआधी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या आणि इतर मोठ्या ऑनलाइन दुकानांचे त्याच मॉडेलचे भाव फोनमध्ये ठेवा. नेमकं मॉडेल, कारण एकाच ५०६० टीआयच्या दोन पंख्यांच्या आणि तीन पंख्यांच्या मॉडेलमध्ये काही हजारांचा फरक असतो आणि वेग जवळपास सारखाच. गल्लीतला भाव ऑनलाइनपेक्षा हजार-दीड हजार जास्त असला तरी गल्लीतून घेणं परवडतं, कारण कार्ड पहिल्या आठवड्यात बिघडलं तर जाऊन उभं राहायला एक काउंटर असतो. त्याहून जास्त फरक असेल तर ऑनलाइन घ्या. मात्र खोकं उघडण्याआधीपासून कार्ड चालू होईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. बऱ्याच विक्रेत्यांकडे कार्डावर बदली मिळते, पैसे परत मिळत नाहीत.

दुकानात पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. भाव जीएसटी धरून आहे का? क्रेडिट कार्डला वरचे दोन टक्के लागणार आहेत का? मृत निघालं तर किती दिवसांत दुकानातूनच बदलून मिळेल? वॉरंटीचं सेंटर पुण्यात आहे की कार्ड मुंबईला जाणार? चौथ्याचं उत्तर "आम्ही बघून घेऊ" असं आलं तर ब्रँडच्या साइटवर सेंटर स्वतः शोधा. "बिलाशिवाय दोन हजार कमी" हे घेऊ नका. कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी बिलावर चालते. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरचा, कार्डाच्या मागचा आणि बिलावरचा नंबर काउंटरवरच जुळवा. तुटवड्याच्या काळात काही ठिकाणी कार्डासोबत मॉनिटर किंवा एसएमपीएस घ्यायची अट घालतात. तो एसएमपीएस तुम्हाला तसाही हवा असेल तर ठीक, नाहीतर पुढचं दुकान बघा.

आर्किटेक्ट, स्टुडिओ किंवा ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी बिल बनण्याआधी आपला नंबर द्यावा. ५९,००० च्या कार्डात ९,००० कर असतो. धंद्यासाठी घेतलेल्या कार्डाचा तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे कार्ड ५०,००० ला पडतं. असं गणित असेल तर दोन-तीन हजारांसाठी महिनाभर थांबण्यात काहीच हशील नाही.

जुनं कार्ड

नव्या कार्डांचे भाव चढले की जुन्यांचेही चढतात. त्याच ताकदीच्या नव्या कार्डाच्या ६० टक्क्यांपर्यंत भाव असेल आणि मूळ बिलासह वॉरंटी शिल्लक असेल, तरच विचार करावा. ३०६० १२ जीबी आणि ६७०० एक्सटी ही जुन्यांतली घेण्यासारखी. ३०८० १० जीबी वेगवान आहे, पण ३२० वॅट ओढतं आणि मेमरी अपुरी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपल्यानंतर त्या काळातली बरीच कार्डं बाजारात फिरली, म्हणून विक्रेत्याच्या घरी, चालू पीसीवरच बघा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून शेडरची (कार्डातल्या गणन-घटकांची) संख्या आणि मेमरीचा आकार खऱ्या मॉडेलशी ताडून पाहा. कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. कोअर आणि हॉटस्पॉट यांच्या तापमानात तीस अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट वाळलेली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी. एकही चूक दिसली तर उठून या. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून लावा. स्क्रूंची डोकी घासलेली असतील किंवा पॅडमधून तेलकट ओघळ दिसत असेल, तर कार्ड उघडलेलं किंवा भाजलेलं आहे.

घरी आल्यावर

जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) काढा, मग कार्ड बदला, मग नवे टाका. बायॉसमध्ये रिसायझेबल बार सुरू आहे ना ते पाहा. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डला नको. अनेक "कार्ड चालत नाही" या तक्रारी इथेच मिटतात. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसचा रकाना बघा. तिथे ५०६० टीआयला x८ दिसणं बरोबर आहे, ९०६० एक्सटीला x८ दिसलं तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

दुकानाच्या बदलीची मुदत सहसा आठवडाभराचीच असते, तेव्हा कार्डाला पहिल्या दोन-तीन दिवसांतच राबवून घ्या. दोन तास जड गेम, एकदा ओसीसीटी, एकदा पीसी स्लीपमधून जागा करून बघणं, आणि बाजूचं पॅनेल लावलेलंच ठेवून. कॉइलची किरकिर ही बहुतेक कंपन्या बिघाड मानत नाहीत. ती असह्य असेल तर फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झइतकी करा, बऱ्याचदा ती तिथेच थांबते. पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणली तर फ्रेम मोजक्याच टक्क्यांनी घटतात आणि मे महिन्यात पंख्यांचा आवाज स्पष्ट उतरतो. स्क्रीन काळी होऊन पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागले, तर आधी वायर आणि एसएमपीएस तपासा. दुसऱ्या एसएमपीएसवरही तेच झालं तर कार्ड खोक्यात घाला, बिल घ्या आणि मुदत संपायच्या आत दुकान गाठा.